विनोद वाहकावर नको, करारावर करा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शहर बससेवेवर विनोद करायला विषयाची वानवा नाही. अर्धा तास न आलेली बस आणि मग पाठोपाठ आलेल्या तीन, थांबा सोडून पुढे जाऊन उभा राहणारा चालक, सुट्ट्या पैशांवरून वैतागलेला वाहक यांच्यावर व्यंगचित्रे आणि सदरे वर्षानुवर्षे चालली आहेत. खासगी कंत्राटदारांच्या गाड्या रस्त्यावर आल्यापासून त्यात आणखी भर पडली. माझी तक्रार एवढीच, की हे विनोद नेहमी गाडीतल्या माणसावर होतात. गाडी अशी का वागते याचे उत्तर गाडीत नसते. ते निविदेला जोडलेल्या कराराच्या मागच्या पानांवर, देयकाच्या आणि दंडाच्या परिशिष्टात असते. उपरोधिक लिहिणाऱ्यांनी आणि बातमीदारांनी ती पाने मिळवून वाचावीत, म्हणून हे पत्र.

आधी पद्धत सांगतो. बेस्टमध्ये जिला वेट लीज म्हणतात आणि पुण्यात ठेकेदारांच्या गाड्या म्हणून लोक जी ओळखतात, त्या व्यवस्थेत गाडी कंत्राटदाराची, चालक त्याचा, देखभाल-दुरुस्ती त्याची. मार्ग, वेळापत्रक, तिकीटदर आणि तिकिटाचा पैसा उपक्रमाचा, म्हणजे बेस्टसारख्या सार्वजनिक बससंस्थेचा. वाहक बहुधा उपक्रमाचा असतो. कंत्राटदाराला प्रवाशांशी देणेघेणे नाही. गाडी जितके किलोमीटर धावली तितक्याचे पैसे त्याला ठरलेल्या दराने मिळतात. यामागे कारण आहे, ते नाकारून चालणार नाही. दिल्लीत १९९२ मध्ये खासगी मालकांना परवाने दिले आणि तिकिटाचा पैसाही त्यांच्याकडेच ठेवला. मग एकाच मार्गावरच्या दोन गाड्या पुढच्या थांब्यावरचे प्रवासी आधी उचलण्यासाठी शर्यत लावू लागल्या. या गाड्यांचे ‘ब्लूलाइन’ हे नाव अपघातांशी जोडले गेले ते यामुळे, आणि शेवटी त्या गाड्या काढाव्या लागल्या. तिकिटाचा पैसा चालकाच्या मालकापासून दूर ठेवायचा हा धडा त्यातून घेतला गेला आणि तो योग्यच होता.

पण प्रवासी हिशेबातून काढला आणि त्याच्या जागी किलोमीटर बसवला, की काय होते ते एका उदाहरणावर पाहा. समजा, मार्ग १४ किलोमीटरचा आहे आणि एका गाडीला दिवसाला १२ फेऱ्या आहेत. म्हणजे १६८ किलोमीटर. आगारातून पहिल्या थांब्यापर्यंत आणि रात्री परत, असे रिकामे १२ किलोमीटर. एकूण १८०. करारात गाडीमागे रोज १८० किलोमीटरची हमी दिलेली आहे. वेळापत्रक करताना एका फेरीला ६० मिनिटे धरली, म्हणजे १२ तासांत १२ फेऱ्या बसल्या. आता रस्ता खोदला, उड्डाणपुलाचे काम निघाले आणि फेरीला ७५ मिनिटे लागू लागली. तेवढ्याच १२ तासांत पूर्ण फेऱ्या होतात ९. गाडी धावली १२६ अधिक १२, म्हणजे १३८ किलोमीटर. उरलेल्या ४२ किलोमीटरचे काय? दर किलोमीटरला ६० रुपये धरला तर एका गाडीमागे दिवसाला २,५२० रुपये, आणि अशा शंभर गाड्यांमागे अडीच लाख रुपयांचा हा प्रश्न आहे. दोष उपक्रमाचा किंवा रस्त्याचा ठरला तर न धावलेल्या किलोमीटरचेही काही पैसे द्यावे लागतात. दोष कंत्राटदाराचा ठरला तर ते बुडतात आणि वर दंड बसतो. साहजिकच आगारातला बराच वेळ गाडी वेळेवर सोडण्यापेक्षा प्रत्येक रद्द फेरीपुढे कोणते कारण लिहायचे, यात जातो. वाहतूककोंडी, बिघाड, चालक गैरहजर, चार्जिंग अपुरे: एका रकान्यातला शब्द बदलला की पैशाची दिशा बदलते.

हे आपल्याकडेच घडते असे नाही. ब्रिटनमध्ये १९९३ च्या कायद्याने रेल्वेचे रूळ एका कंपनीकडे आणि गाड्या अनेक कंपन्यांकडे गेल्या. तेव्हापासून प्रत्येक विलंब कुणाच्या खात्यावर टाकायचा हे ठरवायला तिथे शेकडो माणसे पूर्ण वेळ काम करू लागली. गाडीला पक्षी धडकला तर लहान पक्ष्याची जबाबदारी गाडी चालवणाऱ्या कंपनीची आणि मोठ्या पक्ष्याची रूळ सांभाळणाऱ्या संस्थेची. त्यावरून फेझंट हा पक्षी लहान धरायचा की मोठा, असा वाद झाल्याचे उदाहरण खुद्द तिथल्या सरकारने २०२१ च्या रेल्वे सुधारणा आराखड्यात दिले. याहून मोठा विनोद कुणाला सुचणार आहे? तो कुणी रचला नाही. करारातल्या कलमांमधून तो आपोआप निघाला. आपल्या आगारांतले कारणांचे रकाने उघडले तर तसेच नमुने हाती लागतील.

दुसरी गोष्ट दंडाची. अशा करारांत उशिरा सुटणे, फेरी रद्द होणे, वाटेत बंद पडणे, गाडी अस्वच्छ असणे, अग्निशामक नळकांडे नसणे, थांब्यावर न थांबणे, अशा प्रत्येक गोष्टीला दंड लिहिलेला असतो आणि महिन्याच्या देयकातून तो कापला जातो. कागदावर चोख वाटते. पण हे दंड पकडले कसे जातात ते पाहायला हवे. उशीर जीपीएस आपोआप पकडते. थांब्यावर गाडी हळू झाली आणि दार न उघडता निघून गेली, हे जीपीएसला नीट दिसत नाही. त्यासाठी तपासनीस हवा किंवा प्रवाशाची लेखी तक्रार. मग उशीर झालेल्या चालकाने काय करावे? दोन थांबे गाळले तर हमखास बसणारा दंड वाचतो आणि क्वचित पकडला जाणारा गुन्हा घडतो. ज्येष्ठ नागरिक हात दाखवत उभे राहतात आणि बस निघून जाते, ती चालक माजलेला असतो म्हणून नव्हे. दंडाचे परिशिष्ट त्याला हेच शिकवते. गर्दीच्या मार्गावरची फेरी अर्ध्यातून वळवून घेणे हाही याच शिकवणीचा भाग.

म्हणूनच तक्रार करणाऱ्याने गाडीवरचा क्रमांक, मार्ग क्रमांक, दिशा, थांबा आणि वेळ हे पाचही तपशील द्यावेत, आणि त्याच दिवशी द्यावेत. गाडीच्या क्रमांकाशिवाय ती कोणत्या कंत्राटदाराची हे ठरत नाही, आणि महिन्याचे देयक मंजूर झाल्यावर आलेल्या तक्रारीतून दंड वसूल करणे अवघड होते. ‘संबंधित चालकाला समज देण्यात आली’ या उत्तरावर समाधान मानू नये. दंड कापला का आणि किती, हे विचारावे.

आता चालकाविषयी. दर किलोमीटरच्या निविदेत सर्वांत कमी दर लावणारा काम घेतो. गाडीची किंमत, कर्जाचे हप्ते, टायर, वीज किंवा इंधन यांत फारशी कपात करता येत नाही. कपात होते ती पगारात आणि प्रशिक्षणात. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत कंत्राटी चालकांनी पगारासाठी काम बंद केले आणि शहराची बससेवा काही दिवस कोलमडली. ९ डिसेंबर २०२४ ला कुर्ल्यात भाडेतत्त्वावरच्या विजेच्या बसने अनेकांचे जीव घेतले, तेव्हा प्रशिक्षणाचा प्रश्न सर्वांपुढे आला. विजेच्या बसला क्लच नाही, गिअर नाहीत. पायाखाली दाब पडताक्षणी मोटर पूर्ण जोर देते, आणि पाय उचलताच गाडी स्वतःहून ओढ घेत मंदावते. वर्षानुवर्षे डिझेलची गाडी हाकलेल्या माणसाच्या पायांची सवय बदलायला वेळ लागतो. रिकाम्या मैदानात, मग रिकाम्या गाडीने मार्गावर, मग अनुभवी चालक शेजारी बसवून प्रवाशांसह, असे टप्पे लागतात. या प्रत्येक तासाचे पैसे कुणी द्यायचे? प्रशिक्षणातले किलोमीटर देयकात धरले जात नसतील, तर ते कमीत कमी होणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. प्रशिक्षणाचे किमान तास करारात असावेत, त्यांचे पैसे उपक्रमाने वेगळे द्यावेत आणि चाचणीही उपक्रमानेच घ्यावी.

पैसे थकण्याचा भाग थोडक्यात सांगतो. मार्च २०२३ मध्ये पुण्यात ठेकेदारांनी थकबाकीसाठी गाड्या बंद केल्या होत्या. तिकीट स्वस्त ठेवायचे, तूट पालिकेने भरायची आणि पालिकेने ती वेळेवर भरायची नाही, असे चालले की सरकारी असो वा खासगी, कुणाचीही बस उभीच राहते. केंद्र सरकारने सप्टेंबर २०२४ मध्ये विजेच्या बससाठी देयकांची हमी देणारी योजना मंजूर केली. उपक्रमाने पैसे थकवले तर निधीतून ते द्यायचे आणि नंतर राज्याच्या रिझर्व्ह बँकेतल्या खात्यातून वसूल करायचे, अशी तिची रचना आहे. कंत्राटदाराला मिळालेली ही हमी चालकाच्या पगाराला का नाही? देयकातून पगाराची रक्कम आधी वेगळ्या खात्यात जमा करण्याचे कलम घातले, तर संपाचे निम्मे कारण संपेल.

स्वतःच्या गाड्या पूर्ण काढून टाकण्याला माझा ठाम विरोध आहे. २०१९ मध्ये बेस्टचा स्वमालकीचा ताफा ३,३३७ गाड्यांवर ठेवण्याचे लेखी ठरले होते. आज तो हजाराच्याही बराच खाली गेला आहे. ज्या उपक्रमाकडे स्वतःची गाडी, स्वतःचा मेकॅनिक आणि स्वतःचा चालक उरत नाही, त्याला एक किलोमीटर चालवायला खरोखर किती खर्च येतो हे कळेनासे होते. मग कंत्राटदार सांगेल तो दर आणि तो सांगेल ते कारण. मुंबईत २०२२ आणि २०२४ मध्ये कंत्राटदारांनी परवडत नाही म्हणून काम सोडले, तेव्हा त्या मार्गांवर पाठवायला पुरेशा स्वतःच्या गाड्या नव्हत्या. प्रवासी रिक्षाच्या रांगेत गेले, आणि त्यातले बरेच परत आले नसणार.

मग मोजायचे काय? लंडनमध्येही बस खासगी कंपन्याच चालवतात. तिथे वारंवार धावणाऱ्या मार्गांवर प्रवाशाला वेळापत्रकापेक्षा सरासरी किती जास्त थांबावे लागले हे मोजतात आणि २००१ पासून बक्षीस किंवा कपात त्यावर ठरते. याचे महत्त्व साध्या हिशेबाने कळते. दर १० मिनिटांनी एक बस नीट आली तर सरासरी ५ मिनिटे थांबावे लागते. त्याच गाड्या जोडीने, दर २० मिनिटांनी दोन अशा आल्या तर सरासरी १० मिनिटे. धावलेले किलोमीटर तेवढेच, देयकात एका रुपयाचाही फरक नाही, आणि प्रवाशाची प्रतीक्षा दुप्पट! मागची गाडी दोन-चार मिनिटे रोखून धरली तर हे टळते. पण तसे करायला नियंत्रकाला अधिकार हवा आणि कंत्राटदाराला त्यात फायदा दिसायला हवा. हा हिशेब करायला नवे यंत्र लागत नाही. जीपीएसच्या नोंदी देयकासाठी रोज गोळा होतातच.

करार मिळवणे अवघड नाही, फक्त चिकाटी लागते. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ६(१) खाली, १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून अर्ज करावा. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा. म्हणून सगळे एकत्र न मागता तीन अर्ज करावेत. एक, सही झालेला करार देयक आणि दंडाच्या परिशिष्टांसह. दोन, एका ठरावीक मार्गाचे तीन महिन्यांचे नियोजित, धावलेले आणि न धावता पैसे दिलेले किलोमीटर. तीन, त्याच महिन्यांत कारणनिहाय लावलेला आणि माफ केलेला दंड. मुदत ३० दिवसांची. ‘व्यापारी गोपनीयता’ म्हणून कलम ८(१)(डी) पुढे केले जाण्याची शक्यता आहे. तसे झाल्यास कलम १० प्रमाणे गोपनीय भाग वगळून उरलेला मागावा आणि कलम १९(१) खाली पहिले अपील करावे. खरे तर कलम ४ नुसार असे करार उपक्रमाने संकेतस्थळावर स्वतःहूनच टाकायला हवेत, आणि देयक व दंडाचे तक्ते आगाराच्या फाटकावर मराठीत लावायला हवेत.

आपल्या दैनिकाला विनंती आहे, की आपल्या शहरातल्या एका कराराचे दंडाचे परिशिष्ट जसेच्या तसे छापावे, आणि त्याशेजारी त्या वर्षी त्यातला कोणता दंड किती वेळा लावला गेला ते द्यावे. त्या पानावर व्यंगचित्रासाठी जागा राखून ठेवली तरी हरकत नाही.

आपला,
एक बसप्रवासी वाचक