‘न्यूज’मध्ये चार दिशा नाहीत

संपादक महोदय,

‘न्यूज’ हा शब्द नॉर्थ, ईस्ट, वेस्ट आणि साउथ यांच्या आद्याक्षरांतून बनला, ही माहिती सामान्यज्ञानाच्या चौकटींत अजूनही बिनदिक्कत छापली जाते. इतरांचे ठीक, पण वर्तमानपत्रांनी तरी ती छापू नये.

‘न्यूज’ म्हणजे ‘न्यू’ या विशेषणाचे अनेकवचन : नव्या गोष्टी. लॅटिन ‘नोव्हा’ आणि फ्रेंच ‘नूव्हेल’ यांची घडण अशीच आहे आणि इंग्रजीने तोच कित्ता गिरवला. चौदाव्या शतकाच्या अखेरीस शब्द वापरात आला, पंधराव्यात त्याला ‘वार्ता’ हा अर्थ चिकटला. संस्कृत ‘नव’ आणि इंग्रजी ‘न्यू’ यांचे मूळ एकच. ‘काय नवीन?’ असे विचारून आपणही बातमीच मागतो की!

जुने स्पेलिंग पाहिले की दिशांची गोष्ट लगेच कोसळते. लंडनमध्ये 1622 साली निघालेल्या साप्ताहिक बातमीपत्रांवर हा शब्द एन-ई-डब्ल्यू-ई-एस असा पाच अक्षरी छापलेला आहे. दुसऱ्या ‘ई’साठी पाचवी दिशा कुठून आणणार? शिवाय इंग्रजीत दिशा सांगण्याचा रूढ क्रम नॉर्थ, साउथ, ईस्ट, वेस्ट असा आहे.

मूळ अनेकवचनी असल्यामुळे शेक्सपिअरकडे ‘धिस न्यूज’ आणि ‘दीज न्यूज’ दोन्ही सापडतात. पुढे एकवचन रुळले. म्हणून आज शेवटी ‘एस’ असूनही क्रियापद ‘इज’ लागते, ‘आर’ नव्हे. ‘अ न्यूज’ही चूकच, एका बातमीला ‘अ पीस ऑफ न्यूज’ म्हणायचे. ‘न्यूजेस’बद्दल तर बोलायलाच नको.

आद्याक्षरांची व्युत्पत्ती समोर आली की आधी शब्दाचे वय बघावे. आद्याक्षरे जोडून सर्रास शब्द पाडण्याची रीत विसाव्या शतकातली. ‘रडार’ 1940 चा. त्याहून शतकानुशतके जुन्या शब्दाला अशी फोड लावलेली दिसली, तर ती बहुधा मागाहून रचलेली असते. ‘टिप’ म्हणजे ‘टू इन्शुअर प्रॉम्प्ट सर्व्हिस’ ही त्यातलीच. प्रत्यक्षात तो सतराव्या शतकातल्या इंग्रज चोरांच्या सांकेतिक बोलीतला शब्द. अर्थ साधा, ‘देणे’. अशा मजकुराखाली शब्दाच्या पहिल्या नोंदीचा काळ आणि तेव्हाचे स्पेलिंग छापण्याचा नियम आपण करावा.

— एक वाचक