दर महिन्याला तेच पाणी?

सेंट जॉर्जेस, बर्म्युडा
२० मार्च

तीर्थरूप बाबांस,
शि. सा. न. वि. वि.

"एकाच जागी दर महिन्याला जाऊन पाणी आणता, त्यात नवीन काय सापडणार?" असं तुम्ही विचारलंत. फोनवर मी हसण्यावारी नेलं, पण प्रश्न रास्त आहे.

जागा तीच. बेटापासून साधारण ८० किलोमीटर आत समुद्रात, तळ साडेचार हजार मीटर खोल. ऑक्टोबर १९८८ पासून तिथं जवळजवळ दर महिन्याला बोट जाते. चोवीस बाटल्यांची चौकट केबलवर खाली सोडायची आणि वर घेताना हव्या त्या खोलीला एकेक बाटली मिटायची. दर बाटलीत सूक्ष्मजीवांची निराळी वस्ती!

उन्हाळ्यात वरचं पाणी २८ अंशांपर्यंत तापतं आणि हलकं होऊन वरच राहतं. खालचं खत वर येत नाही. अशा उपाशी पाण्यात प्रोक्लोरोकॉकस नावाचा जिवाणू सुखानं नांदतो. आकार मिलिमीटरच्या हजाराव्या भागाहून कमी, पण जगतो उन्हावर. त्यातही वरचे वेगळे आणि शंभर मीटरवरच्या अंधुक निळ्या उजेडातले वेगळे. मग हिवाळी वारे सुटतात, पाणी गार नि जड होऊन दीडशे-तीनशे मीटरपर्यंत घुसळून निघतं. नायट्रेट, म्हणजे तेच खालचं खत, वर येतं आणि सिनेकोकॉकस (हाही उन्हावर जगणारा जिवाणू) व मोठ्या शैवालांची चलती होते.

मला मात्र खालच्या मंडळींचं जास्त कौतुक. उन्हाळाभर वरच्या थरात विरघळलेला कार्बन पडून राहतो, वरच्यांकडून संपत नाही. घुसळणीत तो दोनशे मीटरपर्यंत उतरतो आणि तिथले एसएआर-११ नावाच्या जिवाणूचे भाऊबंद त्यावर पोसतात. (हा जिवाणू १९९० मध्ये याच सार्गासो समुद्रात ओळखला गेला.) वर्षातून एकदाच, तेही फक्त वरचं पाणी घेतलं असतं, तर हा व्यवहार कळलाच नसता.

आणि एवढ्या लांब कशाला? गोव्याच्या एनआयओचे (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेचे) लोक कांदोळीसमोर १९९७ पासून हेच करतात. पावसाळा सरताना तिथं तळाच्या पाण्यातला प्राणवायू संपतो. मग जिवाणू नायट्रेटवर श्वास भागवतात, तेही सरलं की सल्फेटवर, आणि पाण्याला सडक्या अंड्यांचा वास सुटतो.

या दिवसांत बोट फार हलते, पोटात काही ठरत नाही. हे आईला सांगू नका. तिनं दिलेली आमसुलं पुरवून वापरतेय. पुढच्या फेरीत चार-पाच दिवस फोन लागणार नाही, काळजी नसावी.

तुमची,
सुमी