चालकाविना गाडी येऊ द्या, पण थांबवायचा अधिकार पुण्याला द्या

मा. परिवहनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
स. न. वि. वि.

मी कोथरूडचा. डोळ्यांच्या दुखण्यामुळे दोन वर्षांपूर्वी गाडी चालवणं सोडलं. आता रिक्षावाल्यांच्या ‘नाही जमणार काका’वर माझा दिवस ठरतो. त्यामुळे चालकाविना गाडी ही माझ्यासाठी नुसती चैन नाही. चालकांच्या नोकऱ्या जातील म्हणून अशा गाड्या येऊ देणार नाही, असं नितीन गडकरी डिसेंबर २०२३ मध्ये म्हणाले होते. काळजी रास्तच आहे. पण उद्या धोरण बदललं, तर अटी तयार हव्यात.

परवा पौड फाट्याला एका काकूंनी नुसता तळहात दाखवून पीएमपीची बस थांबवली आणि पिशवी सांभाळत निवांत रस्ता ओलांडला. हा तळहात यंत्राला कळेल? आमच्या वेताळ टेकडीवर एआरएआय आहे, गाड्या तपासण्यात मुरलेली संस्था. पण चाचणीच्या ट्रॅकवर काकू नसतात, उलट्या दिशेने येणारी स्कूटरही नसते.

अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोत अशा गाड्यांची परवानगी शहराच्या नाही, कॅलिफोर्निया राज्याच्या हातात होती. शहराने, अग्निशमन दलानेही आक्षेप घेतले, तरी ऑगस्ट २०२३ मध्ये राज्याच्या आयोगाने या गाड्यांना पूर्ण वेळ भाड्याने धावायला मोकळीक दिली. २ ऑक्टोबरला दुसऱ्या वाहनाच्या धडकेने समोर फेकल्या गेलेल्या एका बाईंना क्रूझ या कंपनीच्या चालकाविना गाडीने सुमारे २० फूट फरपटत नेलं. परवाना निलंबित झाला २४ तारखेला. कंपनीने माहिती दडवल्याचा ठपकाही आला.

आपल्याकडे २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम २-बी आलं. संशोधनासाठी केंद्र काही वाहनांना सूट देऊ शकतं. पण कोणत्या रस्त्यावर कोणतं वाहन नको, हे कलम ११५ नुसार राज्याला किंवा राज्याने नेमलेल्या अधिकाऱ्याला ठरवता येतं. तो अधिकार या गाड्यांपुरता पुण्याच्या वाहतूक पोलिसांकडे स्पष्टपणे सोपवा. गाडीत बसलेल्या माणसाला स्टिअरिंग हातात घ्यावं लागलं, की त्याची नोंद महिन्याच्या महिन्याला मराठीत जाहीर व्हावी. अपघाताचं चित्रण पोलिसांना त्याच दिवशी मिळावं, कापलेलं नाही, सगळं. आणि एक अख्खा पावसाळा आणि गणपतीचे दहा दिवस पाहिल्याशिवाय भाडं घ्यायची परवानगी नको. विसर्जनाला रस्ते कसे बदलतात, ते आम्हालाही बॅरिकेडपाशी गेल्यावरच कळतं.

मी पहिल्या फेरीला बसायला तयार आहे. फक्त पौड फाट्यावरून न्या.

आपला,
कोथरूडचा एक पादचारी