क्लॅरिसच्या निर्णयाचे गाळलेले प्रकरण

मा. संपादक,
स. न.

रविवार पुरवणीत गाजलेल्या थरारकथांच्या पुढच्या भागांविषयी आलेला लेख आणि त्यावरची वाचकांची पत्रे वाचली. एफबीआय या अमेरिकी तपास यंत्रणेतल्या क्लॅरिस स्टार्लिंगने हॅनिबल लेक्टर या नरभक्षक मानसोपचारतज्ज्ञासोबत जायला हवे होते की नको, यावर पत्रलेखकांचे सरळ दोन तट पडले आहेत. पण निम्मे लोक कादंबरीवर बोलत आहेत आणि निम्मे चित्रपटावर. मूळ लेखातच 'हॅनिबल' कादंबरीचा शेवट म्हणून स्वयंपाकघरातली बेडी, लेक्टरने उगारलेला सुरा आणि त्याने स्वतःच्याच हातावर घातलेला घाव सांगितला आहे. तो शेवट रिडली स्कॉटच्या २००१ सालच्या चित्रपटाचा आहे. थॉमस हॅरिसच्या १९९९ सालच्या कादंबरीत यातले काहीच नाही. (कादंबरी वाचायची राहिली असेल त्यांनी इथेच थांबावे. शेवट फोडल्याशिवाय पुढचे लिहिता येत नाही.)

कादंबरीत घडते ते असे. लेक्टरचा जुना बळी आणि आता सूडाने पेटलेला धनाढ्य मेसन व्हर्जर त्याला पकडून जिवंतपणी डुकरांपुढे टाकण्याच्या तयारीत असतो. क्लॅरिस वरिष्ठांच्या मर्जीविरुद्ध एकटी तिथे पोहोचते, लेक्टरला सोडवते आणि त्या धुमश्चक्रीत तिला गुंगीच्या औषधाचा डार्ट लागतो. बेशुद्ध क्लॅरिसला लेक्टर उचलून नेतो. त्यानंतरचे दिवस औषधांचे आणि संमोहनाचे. तिच्या वडिलांच्या अस्थी उकरून आणून तो तिच्यापुढे ठेवतो आणि लहानपणापासून साठलेला राग तिच्याकडून वदवून घेतो. मग ते कुप्रसिद्ध जेवण. तिच्या नोकरीची वाट लावणारा न्याय खात्यातला क्रेंडलर खुर्चीला बांधलेला आणि ताटात त्याचाच मेंदू. चित्रपटातली क्लॅरिस जेवणाआधीच पोलिसांना फोन करते, हे पाहून हादरते आणि शेवटी लेक्टरला स्वतःच्या मनगटाशी बेडीने जखडते. कादंबरीतली क्लॅरिस जेवते. तीन वर्षांनी ब्युनोस आयर्सच्या तेआत्रो कोलोन या ऑपेरागृहात ती आणि लेक्टर जोडीने आलेले बार्नीला दिसतात. बाल्टिमोरच्या इस्पितळात लेक्टरची देखभाल करणारा तोच हा बार्नी.

'एवढी सचोटीची मुलगी नरभक्षकाबरोबर पळून कशी जाईल' हा विरोधकांचा नेहमीचा आक्षेप, आणि तो मला पुरेसा वाटत नाही. माणसे काहीही करू शकतात आणि कादंबरीने ते दाखवायचेच असते. शिवाय हॅरिसने पायाभरणी केलेली आहे. क्लॅरिसच्या पहिल्या कादंबरीत, 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज'मध्ये, फाइल हाती देताना गजांमधून दोघांच्या बोटांचा क्षणभर झालेला स्पर्श, शेवटी लेक्टरने धाडलेले पत्र, आणि सगळ्यात महत्त्वाचे म्हणजे 'तू मला सांग, मी तुला सांगतो' हा दोघांतला व्यवहार. लेक्टरच्या इस्पितळाचा प्रमुख चिल्टन याच्यापासून क्रेंडलरपर्यंत बहुतेक पुरुषांनी तिच्याकडे पाहिले ते अंगचटीला येण्याच्या नजरेने. नकार दिला म्हणून क्रेंडलरने तिच्यावर कायमचा डूख धरला. तिचे म्हणणे शेवटपर्यंत ऐकून घेणारा माणूस तळघरातल्या कोठडीत होता, हे समर्थकांचे म्हणणे पुस्तकातून सिद्ध करता येते.

मग बिघडते कुठे? ते समजण्यासाठी आधी पिल्चरकडे वळायला हवे, कारण 'तिचे पिल्चरशी जमलेच होते, ते लेखकाने मोडले' असे दोन पत्रांत ठामपणे लिहिले आहे. नोबल पिल्चर म्हणजे स्मिथसोनियनमधला कीटकतज्ज्ञ, भुंग्यांना सोंगट्यांसारखे वापरून बुद्धिबळ खेळणाऱ्या दोघांपैकी एक. १९८८ सालच्या 'द सायलेन्स ऑफ द लॅम्ब्ज'चे शेवटचे पान पुन्हा काढून पाहावे. चेसापीक उपसागराच्या किनाऱ्यावरचे जुने घर, शेकोटी, मोठा पलंग, गोधड्यांवर आणि गोधड्यांखाली कुत्रे. त्यातला एखादा उंचवटा पिल्चरचा असेलही, नसेलही, एवढ्या अंधुक उजेडात सांगता येत नाही, असे निवेदकच म्हणतो. ठामपणे तो एवढेच सांगतो की उशीवरचा चेहरा क्लॅरिसचा आहे आणि तिला शांत झोप लागली आहे. म्हणजे तिच्या प्रेमप्रकरणाचा निकाल पहिल्या पुस्तकाने दिलेलाच नाही, मुद्दाम दिलेला नाही. दुसऱ्या पुस्तकाच्या कथानकात पिल्चरला जागा नाही, पण लग्न मोडल्यासारखा त्याचा शोक करायला पुरावा तोकडा पडतो.

आता 'हॅनिबल'चे शेवटचे प्रकरण शेजारी ठेवावे. तिथेही निवेदक बाहेरच उभा आहे. गच्चीवर नाचणारे ते जोडपे दुरून दाखवतो आणि आपण आता मागे सरलेले बरे, असे सुचवून दार लावून घेतो. तंत्र एकच. पहिल्या वेळी ते शोभते, कारण गोधडीखाली कोण आहे यावर काहीच अडलेले नसते. क्लॅरिसची लढाई लहानपणी ऐकलेल्या आणि झोप उडवणाऱ्या कोकरांच्या आक्रोशाशी होती, ती संपलेली आहे. दुसऱ्या वेळी मात्र सगळे त्याच एका गोष्टीवर अडलेले आहे आणि नेमकी तीच लेखक अंधारात ठेवतो. घोडे पेंड खाते ते इथे.

डार्ट लागल्यापासून पुढची पाने पेन्सिल घेऊन वाचावीत. औषधाचा अंमल नसलेल्या क्लॅरिसच्या मनात काय चालले आहे, याच्या खुणा करायला गेलो तर हाती जवळजवळ काही लागत नाही. आधीच्या पानापानांवर आपण तिच्या डोक्यात असतो. मासळीबाजारातली चकमक, त्यात सहकारी ब्रिगहॅमचा मृत्यू, वर्तमानपत्रांनी केलेली बदनामी, हे सारे तिच्या नजरेतून भोगलेले असते. आणि आयुष्यातला सगळ्यात मोठा निर्णय ती घेते तेव्हा आपल्याला बाहेर काढले जाते. ब्युनोस आयर्सच्या प्रकरणात हॅरिस एवढेच नोंदवतो, की सुरुवातीच्या दिवसांतली ती औषधे त्यांच्या आयुष्यातून केव्हाच हद्दपार झाली आहेत. समर्थकांची सगळी बाजू या एका विधानावर उभी आहे. औषधे थांबली, दार उघडे होते, तरी ती त्याच्याबरोबर राहिली, म्हणजे तिने निवड केली. मान्य. पण ते दार उघडे असल्याचा दिवस पुस्तकात कुठे आहे? सकाळी डोके लख्ख झालेली क्लॅरिस उठते, क्रेंडलरचे काय झाले हे तिला आठवते, मैत्रीण आर्डेलियाला फोन करावासा वाटतो आणि ती करत नाही. असे एक प्रकरण, अगदी आठ-दहा पानांचे, जेवणाचे प्रकरण आणि ऑपेरा यांच्यामध्ये असते तर शेवट कितीही भयंकर असला तरी तो तिचा ठरला असता. तीन वर्षांची उडी मारून लेखकाने नेमके तेच गाळले.

जागेची टंचाई होती असेही नाही. सहा भागांपैकी फ्लॉरेन्सचा अख्खा भाग लेक्टरच्या मागावर असलेल्या तिथल्या इन्स्पेक्टर पाझीला दिला आहे. तो उत्तम उतरला आहे, पण तिथे क्लॅरिस नावापुरती येते. पहिल्या पुस्तकाचा कणा म्हणजे त्या दोघांची समोरासमोरची बोलणी. दुसऱ्यात व्हर्जरच्या फार्मवरच्या, डुकरांच्या प्रसंगापर्यंत दोघे समोरासमोर बसून बोलतच नाहीत. त्याचे पत्र येते, तो तिच्या गाडीत शिरून स्टिअरिंग चाटतो, दुरून पाळत ठेवतो. प्रेमकथा म्हणून वाचायची तर अर्ध्याहून अधिक पुस्तक एकतर्फी आहे.

एक जागा मात्र विरोधकांनीही प्रामाणिकपणे कबूल करावी. लेक्टरचा मूळ बेत क्लॅरिसवर प्रेम करण्याचा नाहीच. युद्धात मारली गेलेली त्याची धाकटी बहीण मिशा हिच्यासाठी या जगात जागा करायची आणि ती जागा क्लॅरिसची, असा त्याचा हिशेब असतो. क्लॅरिस तो उलटवते. मिशाला जागा हवी असेल तर ती तुझ्यातच का नको, असे त्यालाच विचारते. त्या एका प्रश्नात कोठडीबाहेर खुर्ची टाकून बसलेली जुनी प्रशिक्षणार्थी परत दिसते आणि तिथून पुढे लेक्टरची सत्ता ओसरते. माझ्या मते कादंबरीतली ही सर्वांत मोलाची ओळ. औषधांच्या अमलाखालीच ती बोलली गेली, याची हळहळ म्हणूनच जास्त वाटते.

जोडी फॉस्टरने दुसऱ्या चित्रपटात काम नाकारले, दिग्दर्शक जोनाथन डेमी आणि पटकथाकार टेड टॅलीही त्यात नव्हते, आणि भूमिका ज्युलियन मूरकडे गेली. हे सर्व लेखात बरोबर आहे. त्यात एवढी भर घालतो, की पुढे हक्कांच्या वाटणीनेच या जोडीची ताटातूट केली. २०१३ ते २०१५ या काळात आलेल्या 'हॅनिबल' मालिकेला क्लॅरिस वापरता आली नाही. त्यामुळे कादंबरीतल्या तिच्या प्रसंगांचा बराच भाग विल ग्रॅहम या एफबीआयच्या तपासनीसाच्या वाट्याला आला. २०२१ सालच्या 'क्लॅरिस' मालिकेला लेक्टरचे नाव घेण्याची मुभा नव्हती आणि ती एका हंगामात संपली. त्या गाळलेल्या प्रकरणाची जागा पडद्यावर भरून निघेल अशी आशा होती, तीही त्यामुळे राहिली. मात्र दुसऱ्या मालिकेने आर्डेलिया मॅपला तिच्या हक्काची जागा दिली, हे चांगले झाले. क्लॅरिसच्या 'प्रेमजीवना'वरच्या सगळ्या पत्रांत या मैत्रिणीचे नाव कुणीच घेतलेले नाही. अकादमीपासून तिच्यासोबत राहिलेली, अभ्यासाला साथ देणारी आणि क्लॅरिस नाहीशी झाल्यावर खऱ्या अर्थाने मागे उरलेली व्यक्ती तीच आहे.

पुढच्या रविवारी कादंबरी आणि चित्रपट यांच्या शेवटांबाबतची दुरुस्ती छापावी, ही विनंती. पुस्तक आता वाचायला घेणाऱ्यांनी दोन्ही भाग पाठोपाठ वाचू नयेत. पहिल्या पुस्तकातली ती झोप थोडे दिवस मनात राहू द्यावी आणि मगच दुसरे उघडावे.

आपला,
एक नियमित वाचक, डोंबिवली