ती. आई-बाबांना, दवाखान्याच्या फोनविषयी

कराड, रविवार

ती. बाबा आणि ती. आई,
सा. न. वि. वि.

फोनवर सांगितलं असतं तर बाबा ‘बघू’ म्हणाले असते आणि आईने ‘जेवलीस का’ विचारून विषय बदलला असता. म्हणून लिहितेय. बाबा, चष्मा लावून शेवटपर्यंत वाचा. मधेच दादाला हाक मारू नका.

आई, तुझा नंबर दवाखान्याच्या कागदांवरून काढला. केसपेपरवर नाही, औषधाच्या पाकिटावर नाही, मोबाईलवरच्या नकाशातही नाही. दवाखान्याला वेगळा फोन घेतलाय. दिवसा सिस्टर उचलते, रात्री तो माझ्या उशाशी असतो. कोथरूडला बसून तू रात्री अकराला मसूरच्या माणसाला ‘उद्या दहाला या’ सांगायचीस आणि मग पहाटेपर्यंत जागी राहायचीस. मला सांगताना मात्र बीपी नॉर्मल! मशीनचे आकडे दादा मला पाठवतो, हेही आता कळू दे तुला.

बाबा, तुमच्यासाठीची गोष्ट जरा हळू वाचा. पुढच्या रविवारी इथल्या पेपरात चार ओळींची सूचना येतेय, की दवाखाना आता मी चालवते, वेळा अशा, नंबर हा. पैसे भरून झालेत. ‘डॉक्टरने जाहिरात करायची नसते’ हे तुमचंच वाक्य, आणि ते मी मोडलेलं नाही. मेडिकल कौन्सिलच्या २००२ च्या नियमांत पेशंट ओढण्यासाठी जाहिरात करणं गैरच आहे. पण दवाखाना सुरू केला, पत्ता बदलला, काही दिवस रजेवर गेलो, दुसऱ्याचा दवाखाना पुढे चालवायला घेतला, तर पेपरात तसं कळवायला परवानगी आहे. फीसुद्धा जाहीर करता येते. २०२३ च्या ऑगस्टमध्ये नवे नियम आले होते, त्यात सोशल मीडियाचंही होतं, पण ते त्याच महिन्यात स्थगित झाले. तेव्हा जुनेच धरून चालले आहे. सूचनेत तुमचं नाव आधी आहे, माझं नंतर. ‘निवृत्त’ हा शब्द कुठेही नाही. ‘प्रकृतीच्या कारणाने’ असंही आधी लिहिलं होतं, ते काढलं. नाहीतर अर्धं कराड समाचाराला कोथरूडला येईल आणि आई पोहे करत बसेल.

घाई का केली, तेही सांगते. तुमच्या बायपासनंतर कोणीतरी नकाशात आपला दवाखाना ‘कायमचा बंद’ करून टाकला होता. तेव्हा तुम्हाला बोलले नाही. उंडाळ्याची माणसं एसटीतून उतरायची, मोबाईल बघायची आणि दुसरीकडे वळायची. जुनी माणसं तुमच्या नावावर येतातच, ती कशाला नकाशा बघतील! पण त्यांना आणणारी त्यांची मुलं नकाशा बघूनच निघतात.

मग आम्ही काम वाटून घेतलं. नकाशातल्या वेळा, दाराचा फोटो, लोक बरंवाईट लिहितात त्याला उत्तर, हे तुमच्या जावयांकडे. त्यांना एक अट घातलीय. कोणी कितीही लागेल असं लिहिलं तरी उत्तरात आजाराचा शब्द नाही. ‘तुम्ही त्या दिवशी आला होतात’ एवढंसुद्धा नाही, कारण आपल्याकडे कोण येतं हेही आपण बाहेर सांगायचं नसतं. ‘दवाखान्यात या, बोलू’, संपलं. उलट फोन करायचं काम सिस्टरचं: शुगरवाल्यांची तीन महिन्यांची तपासणी, बाळांचा नवव्या महिन्याचा गोवर-रुबेलाचा डोस. दारातला फळा कंपाउंडर मामांकडे. त्यांना चौकात मोठा फ्लेक्स हवा होता, शिवाय पलीकडच्या मेडिकलवर आपला बोर्ड. म्हटलं, मामा, नियमात अवाढव्य बोर्डही बसत नाही आणि औषधाच्या दुकानावर तर नाहीच नाही. जरा फुगले, पण आता फळ्यावर ‘पाणी उकळून प्या’ असं तीन रंगांत लिहितात.

आणि बाहेर जे काही जाईल ते माझ्या नजरेखालून जाईल, कारण रजिस्ट्रेशन नंबर माझा आहे. एकजण ढीगभर पाच-पाच स्टार विकत द्यायला आला होता, त्याला चहा देऊन वाटेला लावलं. पेशंट पाठवल्याच्या टक्केवारीचं एक पाकीटही आलं होतं. तुम्ही करायचात तेच केलं, न उघडता परत.

हे सगळं वाटताना माझ्या ध्यानात आलं की यातलं बहुतेक काम आई एकटी करत होती. कुणाच्या गोळ्या कधी संपतात, कुणाची सून बाळंतपणाला माहेरी गेलीय, कुणाला मुद्दाम फोन केला नाही तर ते येणारच नाहीत, सगळं तिच्या डोक्यात आणि त्या वहीत. केसपेपरच्या कोऱ्या बाजूवर मी गणितं करायचे आणि आई, तू रिसीव्हर खांद्यात धरून माझी वेणी घालायचीस. बोलणं लांबलं की वेणी इतकी घट्ट बसायची की शाळेत भुवया उचललेल्याच राहायच्या! आपण त्याला ‘आई फोनवर आहे’ म्हणायचो. आता त्याच कामासाठी सिस्टरचा पगार वाढवलाय. तुझा पगार कुणी कधी काढलाच नाही, बाबा, हे तुम्हालाही उद्देशून आहे, पण रागावून नाही हं.

तुझं काम काढून घेतलंय असं मनात आणू नकोस. तुझ्या वहीशिवाय सिस्टरचं पान हलत नाही. त्यातली नावं आणि तारखाच ती उतरवून घेते. ‘सुनेसमोर बोलू नये’ वगैरे शेरे वहीतच राहू दिलेत.

बाकी, बाबांची आरामखुर्ची मंगळवारच्या टेम्पोने निघेल. मेतकूट आणि भाजणी त्यातच बांधलीय. बाथरूममध्ये दांडा बसवायला दादाला सांगितलंय, बसला की धरून बघा आणि मला कळवा. बाबा, संध्याकाळी चालताना मोबाईल खिशात ठेवा, चार्ज करून. सोसायटीतल्या लोकांना जिन्यात उभं राहून औषधं सांगायची नाहीत. लोणचं एका फोडीवर थांबायचं. आई, तूसुद्धा; वाढताना हळूच दुसरी फोड सरकवायची नाही.

बोर्डाला हात लावलेला नाही. दिवाळीत याल तेव्हा तुम्ही म्हणाल तसा करू, अक्षरंही तुम्हीच सांगा.

आई, एक अडलंय. वहीत काही नावांपुढे लाल पेनाने ‘सो.’ लिहिलंय. सिस्टर म्हणते सोमवार, मामा म्हणतात सोसायटीचे सभासद. मला वाटतं, फी सोडून द्यायची अशी ती माणसं असावीत. तसं असेल तर तसंच पुढे चालू ठेवते. कळव, पण दुपारची झोप झाल्यावर, आणि माझ्याच नंबरवर.

तुमची,
धाकटी