दार की बोगदा

प्रिय मन्या,

स. न. वि. वि. वगैरे वगैरे.

तुझ्या मेसेजला आठ महिने झाले. 'परत काउंटर-स्ट्राइक खेळू या का रे? शिऱ्या सर्व्हर लावतोय,' एवढंच लिहिलं होतंस, आणि मी त्यावर साधा अंगठासुद्धा टाकला नाही. पहिला आठवडा कामात होतो, हे खरं. पुढचे सगळे महिने नुसता ओशाळलेला होतो. उत्तर जितकं लांबत गेलं तितकं ते मोठं असायला हवं असं वाटत गेलं, आणि आता बघ, पत्रच झालं.

तब्येत ठीक. पाठ अधूनमधून धरते, चष्म्याचा नंबर वाढलाय. आई बरी आहे. तुझी चौकशी करते, म्हणजे तुझी कमी आणि तुझ्या आईची जास्त.

काल रात्री जे झालं ते सांगायला मला तुझ्याशिवाय दुसरा माणूस नाही. बायकोला सांगून पाहिलं. तिने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, 'बरं, मग आता झोपायचं का?' पण ते नंतर. आधी हेडसेटचं ऐक. उशीर त्याच्यापायी झालाय, असं मी निदान स्वतःला तरी सांगत आलोय.

तुझा मेसेज आला त्याच रात्री ठरवलं, की खेळायचं तर नीट दिशा कळेल अशा हेडसेटवरच. पुन्हा तो प्रकार नको. कोणता प्रकार, ते तुला सांगायला नको.

शोधायला लागलो तर ज्या खोक्यावर बघावं त्यावर ७.१. जणू सात स्पीकर आणि एक वूफर त्या एवढ्याशा वाटीत दाटीवाटीने बसलेत. खालची बारीक अक्षरं वाचली तर बहुतेकांत एका कानाला एकच ड्रायव्हर, म्हणजे आवाज काढणारा छोटा स्पीकर, ४० नाहीतर ५० मिलिमीटरचा. बाकीची मंडळी सॉफ्टवेअरमध्ये राहतात. एकेका कानात खरोखरचे तीन-चार ड्रायव्हर कोंबलेले हेडसेटही निघाले होते. पण ड्रायव्हर लहान केला की बास जातो, डोक्यावरचं ओझं वाढतं, आणि 'मागचा' स्पीकर कानापासून दोन बोटांवर ठेवून तो मागून वाजल्यासारखा वाटेलच असंही नाही.

मग म्हटलं, ही तर शुद्ध धूळफेक आहे, साधा स्टीरिओ घ्यावा आणि मोकळं व्हावं. आणि नेमका तिथेच अडकलो, कारण धूळफेक नाहीये रे. माणसाला तरी कान किती? दोनच. त्या दोनांवर आपण मागचं, पुढचं, वरचं सगळं ओळखतोच ना? उजवीकडचा आवाज उजव्या कानात आधी पोचतो, डाव्यात फार तर ०.७ मिलिसेकंद उशिरा. तेवढ्यावर मेंदू दिशा काढतो. आवाज उंच पट्टीतला असेल तर डोकं मध्ये येतं आणि पलीकडच्या कानावर त्याची सावली पडते. हे इंग्रज शास्त्रज्ञ लॉर्ड रॅले १९०७ मध्येच सांगून गेलाय. पण बरोबर समोर आणि बरोबर मागे यांत या दोन्हींचा काही उपयोग नाही, कारण दोन्ही कानांना अंतर सारखंच. तिथे कामाला येतात त्या बाहेरच्या कानाच्या वळ्या. आवाज कुठून आला त्याप्रमाणे त्या त्याचा रंग थोडा बदलतात, आणि मेंदूला ते बदल लहानपणापासून पाठ असतात. तेच बदल गणिताने आधीच आवाजात मिसळून दिले की दोन ड्रायव्हरमधूनही मागची पावलं मागे वाजतात. त्याला एचआरटीएफ म्हणतात. जांभई देऊ नकोस, पुढे तुझाच विषय आहे.

गोम एवढीच की वळ्या ज्याच्या त्याच्या. एमआयटीमध्ये १९९४ साली केमार नावाच्या पुतळ्याच्या कानांत माइक बसवून चहूबाजूंच्या ७१० जागांवरून आवाज मोजले होते. म्हणजे असली मोजमापं घेऊन ऐकायचं तर मला दुसऱ्याच्याच कानांनी ऐकायचंय. तो दुसरा माझ्यासारखा असला तर ठीक. त्या पुतळ्याऐवजी शिऱ्याला बसवला असता तर आज जगातल्या सगळ्या गेमरांना पलीकडच्या इमारतीतलं भांडण ऐकू आलं असतं. प्लेस्टेशन ५ मध्ये म्हणे सुरुवातीला पाच प्रकारचे कान दिले होते, त्यातला आपल्याला जुळेल तो निवडायचा.

ऑफिसातल्या एकाचा हेडसेट तीन दिवस मागून आणला. त्या तीन संध्याकाळी मी हताश झालो होतो. पावलं ऐकू यायची, पण विहिरीतून आल्यासारखी, सगळीकडून आणि कुठूनच नाही. मला वाटलं, वय झालं, कान गेले. चौथ्या दिवशी परत देताना लक्षात आलं. गेम स्वतःच हेडफोनसाठी आवाज घडवत होता. त्यावर विंडोजचं सोनिक, म्हणजे दिशेचंच सॉफ्टवेअर, चालू होतं, ते २०१७ पासून विंडोजमध्ये फुकटच बसलेलं असतं. आणि त्यावर हेडसेटचं स्वतःचं ७.१ चं बटण. एकाच पावलावर तिघांनी संस्कार केले होते. कुठलंही एक ठेवून बाकीची दोन बंद करायची, एवढं कुणी खोक्यावर लिहीत नाही. परत द्यायच्या आधी पाच मिनिटं फक्त गेमचंच चालू ठेवून ऐकलं, आणि मन्या, माझ्या मागे कुणीतरी शिडी उतरलं. मी खरोखर मान वळवून मागे बघितलं.

ब्लूटूथ तर नावच काढू नकोस. भाच्याचा लावून पाहिला. मी मरून पडलो आणि मग धाड ऐकू आलं. (शिऱ्याचा खेळ आयुष्यभर असाच चाललाय, त्याला फरक पडणार नाही.) त्यात बोलायला माइक चालू केला की सगळा आवाज जुन्या टेलिफोनसारखा होतो, डावं-उजवंसुद्धा उरत नाही. २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलवाले चांगले असतात, उशीर जाणवत नाही. पण डोंगल नखाएवढा असतो, आणि मी काय काय हरवलंय ते तुला माहीत आहे. तुझी सायकल धरून.

हे सगळं वाचताना ए-थ्री-डी या जुन्या, आवाजाला दिशा देणाऱ्या तंत्रावरच्या तुझ्या व्याख्यानांची आठवण यायची. १९९८ च्या हाफ-लाइफ गेममध्ये ऑरियल कंपनीच्या साउंड कार्डावर जे ऐकू यायचं ते परत कधी आलंच नाही, असं तू दर दोन दिवसांनी म्हणायचास, आणि मी तुला आजोबा म्हणायचो. आता सगळं वाचलं. ऑरियल तिच्या स्पर्धक क्रिएटिव्हविरुद्ध कोर्टात जिंकली आणि वकिलांच्या खर्चाने बुडाली, २००० मध्ये तिची मालमत्ता क्रिएटिव्हनेच विकत घेतली. तुझं बरंचसं बरोबर होतं. हे वाक्य मी एकदाच लिहितोय, कापून ठेव.

अरे हो, छकुलीचा फोटो पाहिला. तुझं नाक घेतलं नाही, सुटली बिचारी. नव्या नोकरीचंही कळलं, अभिनंदन. घर लागलं का? वहिनींना नमस्कार सांग.

तर काल. नव्या हेडसेटशी तुलना करायला हाताशी एखादा जुना असावा म्हणून माळ्यावरची पेटी काढली. आपला काळा सापडला. त्या रात्री मी जसा फेकला होता तसाच, वायरीचा गुंता जसाच्या तसा, आणि पिनेजवळ तुझी ती निळी चिकटपट्टी. कानाच्या गाद्यांचं काळं रेक्झिन हाताला लागलं. माइक मेलेलाच. डोक्यावर चढवला, 'एल' डावीकडे, 'आर' उजवीकडे, आणि ती चाचणी लावली, ज्यात एक बाई आधी 'लेफ्ट' म्हणते आणि मग 'राइट'.

बाई 'लेफ्ट' म्हणाली. उजव्या कानात.

मी हेडसेट काढला, अक्षरं पुन्हा वाचली, परत घातला. पुन्हा उजव्या कानात. लॅपटॉप बदलला, मोबाइलला लावला. भाच्याचा हेडफोन लावला तर बाई शहाण्यासारखी डावीकडेच बोलली. मग रात्री साडेअकराला मी ब्लेड घेतलं आणि तुझी निळी पट्टी सोडवली.

पिनेचं टोक डाव्या कानाचं, मधली रिंग उजव्याची, मागचा भाग ग्राउंड. लाल तार उजवी, हिरवी डावी. हे मला कुणी शिकवलं? तू. आणि मन्या, तुझी लाल तार टोकाला आहे. काय सुरेख सोल्डर केलंयस, थेंब अजून चमकतोय. पण लाल तार टोकाला आहे.

मी तिथेच जमिनीवर बसलो आणि तो राउंड पुन्हा खेळलो. सामना १४-१४ असताना माझ्या खुर्चीचं चाक वायरीवरून गेलं. पंधरा मिनिटांचा वेळ मिळाला. तुझ्या हेडसेटचा एक कान आधीच गेलेला, आणि एका कानाला दिशा कळत नाही, म्हणून आपलं पहिल्यापासून ठरलेलं होतं. मी ऐकायचं, तू मारायचं. तू टेबलाखाली बसून सोल्डर केलंस, तोंडात टॉर्च धरून. पुढच्या राउंडला कानांचं कामच पडलं नाही, शिऱ्याने मध्येच तिघांना आडवं केलं. १५-१४. आणि मग डस्ट-टू नकाशातली बी साइट, बॉम्बच्या दोन जागांपैकी एक. मी मागच्या कोपऱ्यात, एका हाताला बोगदा, दुसऱ्या हाताला दार. पावलं आली. अगदी स्पष्ट, दाराच्या बाजूला. मी ओरडलो, 'दार! दार!' तू बोगद्यावरची बंदूक काढून दाराकडे वळलास.

ते बोगद्यातून आले.

तू म्हणालास, 'तुला डावं-उजवं कळत नाही.' मी म्हणालो, 'तुझा हातच जड आहे, कबूल कर.' आणि नंतर शिऱ्यासमोर आणखी जे म्हणालो ते इथे लिहीत नाही, तुला पाठ असेल. १५-१५ झालं, ओव्हरटाइममध्ये आपण दोघं एकमेकांशी बोललोच नाही, आणि न बोलता ते जिंकता येत नाही. पुढे सहा महिने तसेच गेले. नंतर शिऱ्याच्या लग्नात काही झालंच नाही असं दाखवून बोलायला लागलो, आणि आजपर्यंत ते तसंच चाललंय.

खरं सांगू? पहिली दहा मिनिटं मला नुसता आनंद झाला. मी बरोबर ऐकलं होतं! जे कानात आलं तेच सांगितलं होतं! तुला त्याच क्षणी फोन करणार होतो, मध्यरात्री, छकुली उठली असती तरी. मग आठवलं, की टेबलाखालून निघताना तू म्हणाला होतास, 'एकदा तपासून घे रे, घाईत केलंय.' आणि मी तुझ्या हातातून हिसकावून घेत म्हणालो होतो, 'दे इकडे, वेळ नाहीये.' मग फोन केला नाही.

दोष कुणाचा ते तूच ठरव. मला वाटतं चाळीस टक्के तुझा. पस्तीसला तोड करतो.

नव्या हेडसेटचं म्हणशील तर इतकं ठरलंय. वायरवाला, साधा स्टीरिओ, ७.१ चं बटण नसलेला. दिशेचं काम गेमनेच करावं. वाटीची पाठ उघडी असलेले हेडफोन ऐकले, त्यांत आवाज फार मोकळा येतो, पण तो बाहेरही तितकाच मोकळा जातो आणि घरात रात्री मी एकटाच जागा असतो, तेव्हा बंद वाटीचाच. चष्म्याच्या दांड्या दाबणार नाहीत अशा कापडी गाद्या. वजन तीनशे ग्रॅमच्या आत. आणि वायर दोन्ही टोकांना सुटी होणारी, म्हणजे तुटली तर दुसरी लावायची, तुला टेबलाखाली जावं लागणार नाही. दोन मॉडेलवर येऊन थांबलोय, फोटो वेगळे पाठवतो. तू एकाला हो म्हण, मी तोच घेईन. नाही आवडला तर भांडायला नवं कारण मिळेल.

तो येईपर्यंत मात्र थांबायचं नाहीये. शिऱ्याला विचारलं, सर्व्हर अजून आहे, रविवारी रात्री दहाला लावतो म्हणाला. मी काळाच घालून बसणार, उलटा. 'एल' उजवीकडे, 'आर' डावीकडे. रात्री घालून तासभर फिरलो त्या नकाशात, एकटाच. बोगदा बोगद्याच्या जागी आहे. बोलणं फोनवरून करू.

तुझा,
दिप्या

ता. क. : सोल्डरिंग गन अजून तुझ्याकडेच आहे. ती माझी आहे.