तिला पुढे चालू दे

प्रिय लेकी,

येत्या रविवारी तू मैत्रिणीला घेऊन धबधब्याला निघणार आहेस आणि डोंगरात चालायची तिची ही पहिलीच वेळ, हे काल फोनवर कळलं. तेव्हापासून एक गोष्ट मनात घोळते आहे. ती घाईघाईत सांगण्यासारखी नाही, म्हणून लिहायला बसले.

तुझ्याच वयाची असताना मलाही एक मैत्रीण अशीच घेऊन गेली होती. ती सराईत, मी नवखी. ती झपझप पुढे जायची, वळणावर बसून माझी वाट बघायची. मी धापा टाकत पोचले की "आलीस? चल!" म्हणत उठायची. दर वळणावर तिची विश्रांती होत होती, माझी एकदाही झाली नाही. बूट टाचेला चावत होता, तरी बोलले नाही. आडोशाला जायचंय हे सांगायची लाज वाटली, म्हणून दिवसभर पाणी जवळजवळ प्यायलेच नाही. उतरताना डोकं ठणकत होतं आणि पोटऱ्यांत गोळे येत होते. तिच्या मनात काही वाईट नव्हतं गं. "ठीक आहेस ना?" असं ती दर वेळी विचारायची आणि मी दर वेळी "हो" म्हणायचे. तो धबधबा कसा होता ते मला आज आठवत नाही. तिच्या बुटांच्या टाचा मात्र आठवतात.

म्हणून तू तिला "ठीक आहेस ना?" विचारू नकोस. चालताना तिच्याशी गप्पा मार. एका दमात पूर्ण वाक्य बोलता येतंय तोवर वेग बरोबर आहे. शब्द तुटायला लागले की हळू हो. आणि तिला पुढे चालू दे. अवघड किंवा चुकायची जागा आली की तेवढ्यापुरती तू पुढे जा. सुरुवातीच्या अर्ध्या तासानंतर तूच थांब, दोघी बूट काढून पाय बघा. टाच लाल दिसली तर तिथेच पट्टी लाव, फोड येण्याची वाट बघू नको. आडोशाला जायचा विषय तूच आधी काढ. पाण्याची बाटलीही आधी तूच तोंडाला लाव, म्हणजे तीही पिईल.

वेळेचा हिशेब घरीच कर. विल्यम नेस्मिथ या स्कॉटिश गिर्यारोहकाने १८९२ मध्ये एक साधा नियम सांगितला. सपाटीवरच्या दर ५ किलोमीटरला एक तास आणि चढाच्या दर ६०० मीटरला आणखी एक तास धरायचा. तुमची वाट ४ किलोमीटरची आणि चढ ३०० मीटरचा असेल, तर त्याच्या हिशेबाने ७८ मिनिटं होतात. पण हा हिशेब न थांबता चालणाऱ्या धडधाकट माणसाचा आहे. तिच्यासाठी मी सरळ दुप्पट धरीन. परत फिरायची वेळ आधी ठरवा. ती झाली की धबधबा समोर दिसत असला तरी वळायचं. हे तूच म्हणायचं, कारण "मला जमत नाही" असं ती म्हणणार नाही. उतारावर गुडघे थकलेले असतात, पाय तिथेच मुरगळतात. उतरायला कमी वेळ लागेल असं धरून चालू नकोस.

आता पाण्याचं. इथे तू जरा कडक झालीस तरी चालेल. नवख्या माणसाला डोह शांत वाटतो, पण धारेखालचं पाणी हवेच्या बुडबुड्यांनी भरलेलं असतं. ते शरीराला नेहमीसारखं तोलून धरत नाही आणि उलटणारा प्रवाह माणसाला पुन्हा धारेखाली ओढतो. चांगल्या पोहणाऱ्यांचंही तिथे काही चालत नाही. धबधब्याच्या माथ्यावर, कड्याच्या तोंडाशी फोटोसाठी तर मुळीच जायचं नाही. पाण्याने गुळगुळीत झालेल्या दगडांवर शेवाळ असतं, तिथे कोणताही बूट टिकत नाही.

ओढा ओलांडताना एक लक्षात ठेव. पाण्याचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. सकाळी सहज पार केलेला ओढा दुपारी तसाच असेल असं नाही. तुमच्या डोक्यावर ऊन असेल आणि वर कुठेतरी पाऊस कोसळत असेल. स्वच्छ पाणी गढूळ व्हायला लागलं, पाला आणि काटक्या वाहत आल्या, आवाज वाढला, की सामान गोळा करत बसू नका. तिचा हात धर आणि उंचावर चढ. पाणी ओसरेपर्यंत तिथेच बसा, उशीर झाला तर होऊ दे.

भिजलात तर परतीच्या वाटेला लागण्याआधी कोरडे कपडे घाला. पाणी हवेच्या सुमारे २५ पट वेगाने अंगातली ऊब काढून घेतं. थकलेलं माणूस पटकन गारठतं आणि आपण गारठलोय हे त्याला उशिरा कळतं. तिचा जादा जोड तुझ्या सॅकमध्ये ठेव, ती विसरेल. दोघींकडे एकेक विजेरी आणि एकेक शिट्टी हवी. मिनिटभरात ६ वेळा फुंकायची, मग एक मिनिट थांबून पुन्हा. ही मदतीची खूण आहे, तिला निघायच्या आधीच शिकव.

कुठल्या वाटेने जाणार आणि किती वाजेपर्यंत खाली पोचणार, हे शनिवारी रात्री मला लिहून पाठव. खाली पोचलात की फोन कर आणि तो तिच्या हातात दे. धबधबा कसा होता ते मला तिच्या तोंडून ऐकायचं आहे.

तुझी,
आई